आग्रहाचा मासा

शनिवारी प्रार्थनेनंतर आमच्या सिनेगॉगमध्ये मिसेस झेल्डिन नव्या महापौरबाईंना दटावत होत्या, "नुसती हाडं उरलीत तुझी! घे अजून हेरिंग." कोपऱ्यात जळफळणारे माजी महापौर हॉलरॉइड माझ्या कानाशी लागले. "आठ वर्षं हा खारट मासा मी हसत गिळला. तेव्हा मलाही असंच रागवायच्या. आता फक्त 'साहेब, साहेब'!" "तुम्ही भर सभेत म्हणालात, ज्यूंची निष्ठा दुसऱ्याच देशाशी असते," मी आठवण करून दिली. "आमच्यात रागावतात ते घरच्यांनाच." ते तडक झेल्डिनबाईंकडे गेले. "माझ्या बोलण्यानं कुणाला लागलं असेल, तर वाईट वाटतं." बाईंनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आता झापणार. हॉलरॉइडसाहेबांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी आशेनं प्लेट पुढे केली. बाई गोड हसल्या. "आलात, बरं वाटलं, साहेब," म्हणाल्या आणि त्यांचा कोट घेऊन आल्या.