समान वाटणीची रेघ

"त्यांना विचारा, समान म्हणजे काय ते," देओलिंदा न्यायाधीशबाईंना म्हणाली.

'त्यांना' म्हणजे शेजारच्याच खुर्चीवर बसलेल्या तिच्या थोरल्या भावाला, क्रेसेन्सिओला. आई गेल्यापासून दीड वर्ष दोघांत अबोला होता. राहायचे एकाच घरात, पण जे काही बोलायचं ते मांजराला उद्देशून. आता घर आणि संत्र्यांची बाग वाटून घ्यायला आले होते.

"तिला सांगा, समान म्हणजे समान," क्रेसेन्सिओ म्हणाला. बत्तीस वर्षं गणित शिकवून त्याची मान ताठ झाली होती. "इकडच्यातून तिकडचं वजा केलं की उरतं शून्य."

"ऐकलंत? आईची बाग म्हणजे यांच्या फळ्यावरचं गणित!"

बाईंनी 'माते' नावाच्या थंड, पाल्याच्या चहाचा पेला पुढे केला. पाराग्वेत भांडणाऱ्यांनाही तो एकाच नळीने प्यावा लागतो. देओलिंदाने नळी रुमालाने दोनदा पुसली आणि मगच तोंडाला लावली.

"आमच्याकडे समान म्हणजे वेगळंच," बाई म्हणाल्या. "मोजमाप गेलं खड्ड्यात. नंतर दोघांपैकी कुणी कुरकुर करायची नाही, एवढंच कायदा बघतो. म्हणून तर ही रीत. थोरल्याने वाटायचं, धाकटीने आधी उचलायचं. काढा मास्तर नकाशा."

देओलिंदाला घर हवं होतं. संत्री त्याला लखलाभ. ज्या वाट्यात घर, तो वाटा उचलायचा, असं ती ठरवूनच आली होती. पण हा पडला हुशार. काहीतरी मेख मारलीच असणार.

नकाशा टेबलावर पसरला. तिने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! याने घरच चिरलंय! रेघ गेलीय स्वयंपाकघरातून. चूल एका वाट्यात, जेवायचं टेबल दुसऱ्यात! आणि हे म्हणे मास्तर!"

कोपऱ्यातला कारकून फिस्सकन हसला. क्रेसेन्सिओ मात्र खाली बघत चष्मा पुसत राहिला.

बाईंनी नकाशा आपल्याकडे फिरवला. बराच वेळ पाहिला.

"मास्तर, समान भाग करणारी ही एकच रेघ निघते का हो?"

"छे! हव्या तेवढ्या निघतात. मी चाळीस काढून पाहिल्या."

"आणि घर अख्खं ठेवणाऱ्या किती?"

"एकोणचाळीस."

"मग नेमकी हीच का?"

क्रेसेन्सिओने चष्मा डोळ्यांवर चढवला. दीड वर्षात पहिल्यांदाच तो बहिणीकडे वळला.

"देओलिंदा, बाकीच्या सगळ्यांत आपण दोघंही एकटे जेवणार होतो गं."