दुष्काळात वाढणारी झाडं

सलग तिसऱ्या दुष्काळातही डोंगरावरची अंजनीची झाडं वाढतच होती. पाऊस आटला तरी न खुरटणारी ही जात डॉ. रेवती लांघी हिने प्रयोगशाळेत घडवली होती आणि आपल्याच गावावरच्या उतारावर लावली होती. आज ती वाढ मोजायला आली, तेव्हा अख्खं गाव कुऱ्हाडी घेऊन तिथे उभं होतं.

तिने गिरमिटाने एका खोडाला भोक पाडलं. भोकातून पाणी झिरपू लागलं. तिची चुलती भागूबाई पुढे आली आणि तिने ते बोटावर घेऊन चाखलं.

"हे आमच्या झऱ्याचं पानी हाये," ती म्हणाली. "पल्याडच्या डोंगरावरची झाडं खुरटली, पर तिथला झरा वाहतोय. तुझ्या झाडांनी आमचा पिऊन टाकला."

"काकू, ही नसती तर डोंगर बोडका झाला असता."

"आन आमी?"

झाडांची मुळं किती खोल जातील, हे रेवतीने मोजलं होतं. खाली कोण पाणी पितं, ते नव्हतं. तिने शेजारच्याच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि बुंध्यावर घाव घातला.

"सगळी तोडली तर झरा कधी येईल?" भागूबाईने विचारलं.

"चांगला पाऊस झाला तर दोन-तीन वर्षांनी."

"तवर हितं ऱ्हायचं कुनी?"

भागूबाईने पाठ फिरवली. तिच्यामागून सगळं गाव सामान बांधायला खाली उतरलं. रेवती एकटीच घाव घालत राहिली.