मास्तरांचं ठिगळ

टेलरमास्तरांनी उभ्या जन्मात कुणाच्या कपड्याला ठिगळ लावलं नव्हतं. "इथे नवं शिवून मिळतं, जोडकाम दुसरीकडे," म्हणत त्यांनी भल्याभल्या गिऱ्हाइकांना आल्या पावली परत पाठवलं होतं.

आता झटक्याने त्यांच्याच हृदयाचा एक कोपरा निकामी झाला होता, आणि समोरच्या सर्जनबाई नेमकं ठिगळच लावायचं म्हणत होत्या. एक पातळ जाळी, आणि तिच्यावर मास्तरांच्याच मूलपेशींपासून वाढवलेला नवा स्नायू.

मास्तरांनी चष्मा पुसला. "कापड कसलं?"

"हळूहळू विरघळून जाणारं. मागे राहील तो तुमचाच स्नायू."

"शिवायच्या आधी भिजवलंय ना? नाहीतर मागाहून आटतं."

"लॅबमध्ये तीन आठवडे भिजतच पडलंय, मास्तर."

तेव्हा कुठे मास्तरांनी संमतीच्या कागदावर सही ठोकली. पेन परत देताना ते थबकले. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय मी."

"तुमच्याच दुकानात." बाई हसल्या. "कॉलेजात असताना माझा एकुलता एक ॲप्रन खांद्यावर फाटला होता. तुम्ही हातसुद्धा लावला नाहीत."

"मग?"

"मग काय, सुईदोरा घेऊन मीच बसले. जन्मातला पहिला टाका मी त्या ॲप्रनवर घातला. अजून जपून ठेवलाय."

मास्तरांनी सही केलेला कागद हळूच स्वतःकडे ओढून घेतला.



"आधी तो ॲप्रन दाखवा."