रिकाम्या जागेचा आलेख

"हाच तो!" शलाकानं काही सांगण्याआधीच हर्डीकर सरांनी पडद्यावरच्या आलेखावर बोट ठेवलं. "बघ, किती स्वच्छ ठोके! माझा पल्सर!"

एवढ्या संथपणे ठोके देणारा तारा दुसरा नव्हता. सरांची सारी हयात त्याच्यामागे गेली, शलाकाची पीएचडीही. अवकाशातली क्ष-किरण दुर्बीण एकदा शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे वळवून बघूया, असं ती दरवेळी म्हणायची. "तिथे आहे काय? दुर्बिणीचा वेळ असा उधळायचा नसतो," म्हणत सर उडवून लावायचे. यंदा तिनं न विचारताच ती वळवली होती.

"सर, हे ते रिकामं आकाश आहे," तिनं कसंबसं सांगितलं. "म्हणजे ठोके दुर्बिणीचेच आहेत, ताऱ्याचे नाहीत."

सरांचं बोट आलेखावरच राहिलं.

"पण किती स्वच्छ आहेत गं," ते पुटपुटले.