तलावाकाठचे कावळे

बापूजींनी पाखरांवरची सगळी पुस्तकं सक्करदऱ्याच्या तलावाकाठी ज्या घरात लिहिली, ते मी विकायला काढलं होतं. त्यांच्या दहाव्याला तिथेच काठावर पिंड ठेवला. झाडावर कावळेच कावळे, पण तासभर एकही शिवेना.

“बापूजीचा जीव घरात अडकून राह्यला,” घर सांभाळणारे रुपराव म्हणाले. “विकत नाही म्हना ना, भाऊ.”

घर गेलं की रुपरावांची खोलीही जाणार होती. मला संशय आला. पण सगळे नातेवाईक माझ्याकडेच बघत होते.

“नाही विकत,” मी हात जोडले.

रुपराव खाकरले. कावळे पिंडावर तुटून पडले.

संध्याकाळी बापूजींची शेवटची, यंदाची म्हणजे १९७२ची वही उघडली. ‘इथले कावळे बेरकी. रुपराव खाकरल्याशिवाय घासाला चोच लावत नाहीत.’