पिल्लाची हाक

२०६१ सालची गोष्ट. तेव्हा देवमासे मोजायचे, तर पिल्लांच्या ध्वनिमुद्रित हाका पाण्यात सोडून त्यांना बोटीजवळ बोलावत. देवमाशांची भाषा उलगडणारं आणि बोलणारं यंत्र मालवणच्या बोटीवर आलं, त्या दिवशीही मोजणी करणाऱ्या हेमांगीने नेहमीची हाक लावली. एक मादी झेपावत आली. यंत्र बोललं, "बाळा, कुठे होतास इतके दिवस?"

ज्याची हाक हेमांगीने लावली होती, ते पिल्लू मागेच जाळ्यात अडकून मेलं होतं.

"मोतीरामकाका, काय सांगू हिला?"

म्हाताऱ्या तांडेलाने इंजिन बंद केलं. "बुडालेल्याची बातमी आमी अशीच देतो, बाय. आवाज बंद करून. खरा सांग."

तिने यंत्रातून मादीला सांगितलं.

पुढे हेमांगीने नोकरी सोडली. काही वर्षांनी मोतीराम वारले. ती मादी अजून दर हिवाळ्यात तिथे येते. बाळाला हाक मात्र मारत नाही.