एकाच डिस्कवर

“काका, एकाच डिस्कवर बसवा. दोन नकोत.”

“अगं, चार तासांचं आहे हे सगळं,” दुकानदार म्हणाला. “एका डिस्कवर दोन तास नीट बसतात. चार कोंबले तर चेहऱ्यांचा चिखल होईल.”

“मग थोडं कापा. पण डिस्क एकच. आईला एक बटण दाबता येतं. दुसरं सांगितलं की ती टीव्हीवरच ओरडते.”

मुलगी पुढच्या आठवड्यात शिकायला परगावी निघाली होती. लहानपणापासूनचे तिचे व्हिडिओ आईनेच काढलेले, काही जुन्या कॅमेऱ्यातले, काही फोनवरचे. घरच्या जुन्या प्लेअरवर आईला ते बघता यावेत, एवढंच तिला हवं होतं. पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवून ती गेली.

या गावात व्हिडिओ-डिस्कचं दुकान टाकून त्याला दोन वर्षं झाली होती. काम चोख, बोलणं मोजकं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याची बायको पुलावरून नदीत पडली होती. नदीला पूर होता, शोधूनही ती सापडली नाही. त्यानंतर त्याने दुसरा संसार मांडला नाही. शेजारचा शिंपी गिऱ्हाइकांना सांगायचा, “असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.” अशा वेळी तो मान खाली घालून कामाला लागायचा.

दुपारी त्याने फायली उघडल्या. तेवीस होत्या, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. आधी सगळ्या एका जातीत आणायच्या, मग कात्री लावायची. हललेलं काप, अंधारलेलं काप, नुसती जमीन दिसते ते काप. तीनचाकी सायकल, पडलेले दात, शाळेतलं नाटक. आई कुठेच दिसत नव्हती. ती कॅमेऱ्यामागे असायची आणि बोलायचीही क्वचित.

चौदाव्या फायलीत मुलगी गच्चीवर पळत होती. एकाएकी चित्र हेलकावलं आणि मागून आवाज आला, “कठड्यापाशी जाऊ नकोस म्हटलं ना!”

शेवटच्या शब्दावर आवाज फाटला.

त्याचा हात माऊसवरच राहिला. त्याने फाईल मागे घेतली. पुन्हा ऐकली. हेडफोन लावून पुन्हा ऐकली. रागावली की अशी शेवटच्या शब्दावर फाटणारी एकच बाई त्याला माहीत होती.

“काय हो, भूत बघितल्यासारखे बसलात?” शिंप्याने दारातून विचारलं.

“डोळे दुखतायत,” तो म्हणाला, आणि त्या दिवशी लवकर दुकान बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली तेव्हा डिस्क तयार होती. त्याने ती लगेच हातात दिली नाही.

“तुझं वय काय गं?”

“अठरा. चार महिन्यांपूर्वीच पूर्ण झाली. का?”

त्याने मनातल्या मनात महिने मोजले. “सहज. घरी कोण कोण असतं?”

“मी आणि आई. बाबा मी जन्मायच्या आधीच गेले.”

“आई त्यांच्याबद्दल काही सांगते?”

“छे. विषय काढला की उठून जाते. फोटोसुद्धा नाही एक.” तिने डिस्कसाठी हात पुढे केला. “तुम्ही का विचारताय?”

“जुने प्लेअर कधीकधी नवी डिस्क घेत नाहीत,” तो म्हणाला. “मीच येतो लावून द्यायला. आईला आधी सांगू नकोस. बघून बरं वाटेल तिला.”

वाटेत मुलगी बडबडत होती. तो तिच्याकडे चोरून बघत होता. कपाळ त्याचंच होतं. चालताना डावा पाय किंचित बाहेर टाकायची ढबही त्याचीच. जिन्यात त्याला धाप लागली. दोनदा थांबून त्याने रुमालाने चेहरा पुसला.

“आई, डिस्कवाले काका आलेत!”

आतून आई हात पुसत आली. केस पिकले होते, पण चेहरा तोच होता. ती जागच्या जागी थिजली.

“तू जिवंत आहेस,” तो म्हणाला.

मुलगी कधी त्याच्याकडे, कधी आईकडे बघत राहिली. “आई, कोण आहेत हे?”

आई म्हणाली, “तुझा बाप.”

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “बाबा?” म्हणत ती पुढे झाली. आईने तिचं मनगट धरलं, तिला मागे ओढलं आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. नजर मात्र त्याच्यावरून हलवली नाही.

“त्याच्या जवळ जाऊ नकोस. पोलिसांना फोन लाव,” ती म्हणाली. “मी पुलावरून पडले नव्हते. यानं ढकललं होतं मला.”